तणसाचा रंग

मुरूमगावच्या रस्त्याला, धानोऱ्याच्या बाजाराच्या कडेला तुम्ही थांबता, कारण एका टपरीतून ठिणग्या उडताहेत. आत फळीवर वॉशिंग मशीनची जुनी मोटर कसलेली आहे, तिच्या दांड्यावर सहाणेचं चाक. लोहार ट्रकच्या कमानीचा तुटका पाटा चाकाला लावतो. ठिणग्या टोकाला फुटून त्यांची फुलं होतात. "फुलं फुटली तं पोलाद. सरळ रेघा गेल्या तं साधं लोखंड," तो म्हणतो. या पाट्याची त्याला बांबूची सुरी करायची आहे. शेजारच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि 2011 पासून तिथली ग्रामसभा आपला बांबू आपण विकते. बांबू चिरायला धार लागते.

"धरून पाहा जी," तो पाटा तुमच्या हातात देतो. जड आहे, अजून कोमट. त्याचा ऊबदार वास नाकात शिरतो आणि मोटरची घरघर थांबते.

1982. चंद्रपूरपासून तुटून गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला आहे. टपरीच्या जागी कुडाची झोपडी, वीज नाही. भट्टीला वारा घालतंय सायकलचं चाक. पट्टा म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी, ती एका लहानशा पुलीवर, पुलीच्या दांड्याला रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून केलेली पाती. तुम्हाला मूठ फिरवायला बसवतात. चाक 26 इंची, पुली 2 इंची. तुमच्या एका फेरीत पंखा बारा-तेरा वेळा गरगरतो. ऐरण म्हणजे रुळाचा तुकडा. जिल्ह्यात रेल्वे आहे ती वडशापुरतीच, तिकडूनच कुणीतरी तो आणला असावा.

कोळशातला पाटा लाल होतो, मग केशरी. म्हातारा लोहार तारेला बांधलेला एक काळा गोल तुकडा त्याला लावतो. फुटक्या ट्रान्झिस्टरच्या भोंग्यातलं चुंबक आहे ते. चिकटतं. "हवा दे." तुम्ही मूठ फिरवता, खांदा भरून येतो. पुन्हा लावतो, पुन्हा चिकटतं. तिसऱ्या वेळी चुंबक पाट्यावरून सुटून मोकळं लोंबकळतं. पोलाद साधारण 770 अंशांवर चुंबकाला ओळखेनासं होतं. त्या आकड्याची इथं कुणाला गरज नाही. तापमापक तारेवर टांगलेला आहे. थोडी आणखी धग देऊन लोहार पाटा जळक्या ऑइलमध्ये बुडवतो. याला कुणी जुगाड म्हटलं की मला तो शब्द फार तोकडा वाटतो. भंगारातून थर्मामीटर शोधून काढायला धातूची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची असावी लागते.

ती किती जुनी, ते पाहायला ऑइलच्या धुरात डोळे मिटा.

1882. तुम्ही वैनगंगेपलीकडे, लोहाऱ्याच्या डोंगराजवळ आहात. पाटा नाही, ट्रक नाही. पुढ्यात मातीची भट्टी, तिच्यात कोळसा आणि खनिज थराथरानं रचलेलं. कातडी भाते आळीपाळीनं फुगताहेत, तासन्‌तास. लोखंड वितळायला 1538 अंश लागतात, एवढी धग इथं होत नाही. म्हणून वितळते ती मळी. ती खालून वाहून जाते आणि आत लोखंडाचा सच्छिद्र गोळा उरतो. तो लालभडक बाहेर ओढतात आणि घण पडू लागतात. प्रत्येक घावाला उरलेली मळी थुंकल्यासारखी उडते. तुमच्या पिंडरीवर चटका बसतो.

याच वर्षी जमशेटजी टाटांच्या वाचनात फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला आहे, लोहाऱ्याच्या याच खनिजाबद्दल. पुढे वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उतरला नाही, आणि टाटांचा कारखाना उभा राहिला तो इथून फार दूर, साकचीला. या भट्ट्याही विझत गेल्या. विलायती लोखंड रेल्वेनं स्वस्तात येत होतं, आणि 1878 च्या वन कायद्यानंतर कोळशासाठीचं जंगल आखडत गेलं. भट्टी गेली तरी हात गेले नाहीत. त्यांना नवी खाण हवी होती आणि ती पुढे रस्त्यावर सापडली, मोडक्या गाड्यांच्या रूपात.

"जी, झोप लागली काय?"

मोटर घरघरते आहे. मधल्या वेळात सुरी घडून, तेलात बुडून, घासून चकचकीत झाली आहे. आता ती काचेसारखी कडक आहे. बांबूच्या पेरावर आपटली तर टवका उडेल. म्हणून लोहार तिची जाड पाठ निखाऱ्याला टेकवतो. घासलेल्या पोलादावर पाठीकडून धारेकडे रंग सरकू लागतात, पुढे फिकट पिवळा, मागे तपकिरी, त्यामागे जांभळा. मुठीसाठी धावड्याचा दांडा तासून ठेवलेला आहे.

"माही नजर आता कमी झाली," तो म्हणतो. "धारेवर तणसाचा रंग आला का सांगा."

तुम्ही वाकता. पिवळा रंग धारेपासून दाणाभर लांब आहे. मग नाही.

"आला," तुम्ही म्हणता, आणि सुरी चर्र करत पाण्यात जाते.