बॉन्जूर-हाय: मॉन्ट्रियलला फ्रेंच शिकताना

आज सुरुवात माझ्या ऑफिसपासून करणार आहे, पण फिरत फिरत आपण १७५९ सालापर्यंत जाऊन येणार आहोत. तेव्हा इअरफोन नीट बसवा. लोकलमध्ये असाल तर सीट मिळेपर्यंत पॉज करा, चालेल.

मी सांगलीत बीटेक केलं, हिंजवडीत चार वर्षं कोड लिहिला आणि तीन वर्षांपूर्वी मॉन्ट्रियलला आलो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात. इथले लोक त्याला 'केबेक' म्हणतात. मुलाखतीतच मी विचारलं होतं, फ्रेंच येत नाही, चालेल का? म्हणाले, चालेल, आमची टीम इंग्लिशमध्येच काम करते. ते खोटं नव्हतं. मीटिंग इंग्लिशमध्येच व्हायच्या. पण मीटिंगच्या आधीची पाच मिनिटं आणि नंतरची दहा मिनिटं फ्रेंचमध्ये असायची, आणि खरं काय ते त्या पंधरा मिनिटांत ठरायचं. हे कळायला मला वर्ष लागलं.

गेल्या वर्षी टीम लीडची जागा निघाली. ग्राहक होतं एक सरकारी खातं. जागा मिळाली माझ्यापेक्षा दोन वर्षांनी ज्युनियर असलेल्या ट्युनिशियाच्या मुलीला, कारण ती फ्रेंच फाडफाड बोलते. मॅनेजर सरळच म्हणाला, "तुझं काम चांगलं आहे रे, पण ग्राहकासमोर तुला उभं कसं करू?"

मी जाम चिडलो. रात्री आईला फोन लावून अर्धा तास या लोकांच्या भाषेच्या हट्टाबद्दल बडबडलो. आई शांतपणे म्हणाली, "तुझी आत्या लग्न होऊन हुबळीला गेली, सहा महिन्यांत भाजीवाल्याशी कानडीत भांडायला लागली. तिला कोणी टीम लीड करणार नव्हतं." विषय संपला. दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळच्या फ्रेंच वर्गाला नाव घातलं. स्थलांतरितांसाठी प्रांताचं सरकार हे वर्ग फुकट चालवतं, त्याला 'फ्रान्सिझासिओं' म्हणतात. म्हणजे माणसाला फ्रेंच करून घेणं. शब्द ऐकूनच जरा दचकायला होतं, नाही?

आता प्रश्न असा की, चहूकडून इंग्रजीचा समुद्र असलेल्या खंडात एका प्रांताला हा हट्ट का?

त्यासाठी १३ सप्टेंबर १७५९. पानिपताच्या साधारण सव्वा वर्ष आधीची ही तारीख. क्वेबेक शहराबाहेर एक पठार आहे, तिथे इंग्रज आणि फ्रेंच सैन्यं समोरासमोर आली. मुख्य लढाई अर्धा तासही चालली नाही. इंग्रजांचा सेनापती वुल्फ मेला, फ्रेंचांचा माँकाल्म मेला, आणि फ्रेंच हरले. तेव्हा इथे फ्रेंच बोलणारी माणसं होती सुमारे सत्तर हजार.

गंमत म्हणजे हेच युद्ध आपल्याकडेही चालू होतं. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झालं, त्याच आठवड्यात पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली. मग १७६३ ला पॅरिसमध्ये तह झाला. त्यात फ्रान्सला पाँडिचेरी परत मिळाली, कॅरिबियनमधलं साखरेचं ग्वादलूप बेट परत मिळालं, आणि कॅनडा मात्र त्यांनी सोडून दिला. आमच्या वर्गाच्या बाई हे सांगताना अजूनही असा चेहरा करतात की जणू गेल्या आठवड्यात कोणीतरी त्यांना स्टेशनवर विसरून गेलंय.

सोडून दिलेले हे लोक शेती करत राहिले, चर्चला जात राहिले आणि फ्रेंच बोलत राहिले. त्यांची फ्रेंच पॅरिसपासून तुटली, म्हणून काही जुने उच्चार इथे टिकले. फ्रान्समध्ये 'म्वा' म्हणजे 'मी', इथले म्हातारे 'म्वे' म्हणतात. एके काळी फ्रान्सच्या दरबारातही तसंच म्हणत. एक गोष्ट मात्र मराठी माणसासाठी खास आहे. 'तू' या अर्थाचा फ्रेंच शब्द इथे 'त्सु' असा ऐकू येतो, आणि तो आवाज म्हणजे जवळजवळ आपल्या 'चमचा'तला च. 'दहा'साठीचा शब्द म्हणताना 'जहाज'मधला ज लागतो. वर्गातल्या बाकी सगळ्यांची बोबडी वळते. मला मात्र तिथे पहिल्याच दिवशी शाबासकी मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा चमच्याचा उपयोग झाला म्हणायचा.

१८३९ साली लॉर्ड डरहॅम नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं अहवाल लिहिला. त्याचं मत असं की या लोकांना ना इतिहास ना साहित्य, तेव्हा त्यांना इंग्रजीत विरघळवून टाकणंच त्यांच्या भल्याचं. मेकॉलेचा शिक्षणावरचा कागद १८३५ चा आहे, हे जाता जाता लक्षात ठेवा. त्या काळातल्या साहेबांचा सूर एकच होता. इथे फ्राँस्वा-झाव्हिए गार्नो नावाच्या माणसानं त्याला उत्तर म्हणून कॅनडाचा इतिहासच लिहायला घेतला. इतिहास नाही म्हणता काय, हा घ्या खंड पहिला.

आता मधली शंभर वर्षं सोडून देतो, कारण माझ्या नोकरीशी संबंध येतो तो विसाव्या शतकाचा.

१९६० चं मॉन्ट्रियल डोळ्यांपुढे आणा. शहरात बहुसंख्य लोक फ्रेंच, पण पैसा इंग्रजीत बोलणारा. सां-लोराँ नावाचा एक रस्ता शहराला उभा कापतो. त्याच्या पश्चिमेला इंग्रज, पूर्वेला फ्रेंच आणि मधल्या पट्ट्यात ज्यू, इटालियन, ग्रीक, पोर्तुगीज असे बाहेरून आलेले. फ्रेंच कामगार कारखान्यात, त्याचा साहेब इंग्रज. १९६२ मध्ये सरकारी मालकीच्या कॅनेडियन नॅशनल रेल्वेच्या अध्यक्षाला, डोनाल्ड गॉर्डनला, संसदेच्या समितीत विचारलं गेलं की तुमच्या सतरा उपाध्यक्षांमध्ये एकही फ्रेंच कॅनेडियन का नाही? त्याच्या उत्तराचा मथितार्थ असा की आम्ही लायकी बघतो. विद्यार्थ्यांनी त्याचा पुतळा जाळला.

पुढे केंद्र सरकारनं आयोग नेमला. आयोगानं १९६१ च्या जनगणनेवरून क्वेबेकमधल्या पुरुषांची कमाई वंशानुसार लावून पाहिली. चौदा गटांमध्ये फ्रेंच वंशाचे बारावे निघाले. त्यांच्या खाली फक्त इटालियन आणि इथले मूळ रहिवासी. स्वतःच्या प्रांतात, बहुसंख्य असून, बारावे.

मंडळी, हे वाचलं त्या रात्री मला माझी ती हुकलेली टीम लीडची जागा आठवली, आणि अगदी खरं सांगायचं तर थोडी लाज वाटली. "काम चांगलं आहे पण ग्राहकासमोर उभं कसं करू" हे वाक्य या लोकांच्या आज्यांनी आणि आजोबांनी जन्मभर ऐकलंय. त्यातून माझा मुद्दा खोटा ठरत नाही. पण तो एकटा माझा राहत नाही.

जून १९६० मध्ये, म्हणजे महाराष्ट्र राज्य झालं त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, इथे झाँ लसाज निवडून आले आणि सगळं भराभर बदललं. शाळा आणि इस्पितळं चर्चकडून सरकारकडे आली, खासगी वीज कंपन्या प्रांतानं विकत घेतल्या. 'आमच्या घरात आम्हीच मालक' अशा अर्थाची घोषणा होती. याला इथे 'शांत क्रांती' म्हणतात. पण कुटुंबं एकदम लहान झाली, आणि बाहेरून येणारे लोक मुलांना घालत होते इंग्रजी शाळेत. साधा हिशोब होता, पगार इंग्रजीत होता. दोन-तीन पिढ्यांत मॉन्ट्रियल हातचं जाईल, अशी भीती बसली.

ती भीती फुटली सां-लेओनारला. मी तिथेच राहतो, म्हणून हा भाग जरा सावकाश सांगतो.

माझे घरमालक इटालियन आहेत, वय चौसष्टच्या आसपास. वरच्या मजल्यावर ते, खाली आम्ही. मागच्या अंगणात टोमॅटो आणि द्राक्षाचा वेल. त्यांचे वडील युद्धानंतर इटलीतून आले आणि आयुष्यभर काँक्रीट ओतलं. जून १९६८ मध्ये इथल्या शाळा मंडळानं ठरवलं की यापुढे पहिलीत येणारं मूल फ्रेंचमध्येच शिकेल. इटालियन आईबाप बिथरले. त्यांनी घरांच्या तळघरांत स्वतःच इंग्रजी वर्ग सुरू केले. माझे घरमालक तेव्हा सहा वर्षांचे. ते सांगतात, बॉयलरशेजारी बाकडं होतं, हिवाळ्यात त्यावरून भांडणं व्हायची. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रेंच बाजूचा मोर्चा याच वस्तीत आला, दगडफेक झाली, पोलिसांनी जमावबंदी जाहीर केली. वडिलांनी मुलांना पलंगाखाली ढकललं होतं.

मी विचारलं, तुमच्या वडिलांना फ्रेंचांचा राग होता का? ते म्हणाले, "छे. कामावर सगळे मित्र फ्रेंचच होते. पण मुकादम इंग्रज होता. बाबांना वाटायचं, पोरगा मुकादम व्हावा."

यात चूक कोणाची, सांगा. मला दोन्ही बाजू पटतात आणि हाच माझा त्रास आहे. बारावा आणि तेरावा क्रमांक एकमेकांवर दगड मारत होते, आणि पहिला क्रमांक टेकडीवरच्या बंगल्यात होता.

मग एकामागून एक कायदे आले. १९६९ चा आला, तो फ्रेंच बाजूला मिळमिळीत वाटला. १९७४ च्या कायद्यानं फ्रेंच ही एकमेव अधिकृत भाषा केली आणि इंग्रजी शाळेत जाण्यासाठी लहान मुलांच्या परीक्षा घ्यायला सुरुवात केली, त्यावर सगळेच भडकले. १९७६ मध्ये रने लेव्हेक यांचा पक्ष सत्तेवर आला आणि २६ ऑगस्ट १९७७ ला मंजूर झाला तो प्रसिद्ध कायदा १०१. तो आणणारे मंत्री कामीय लोराँ पेशानं मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांच्या लेखी हा समाजाच्या न्यूनगंडावरचा इलाज होता. आईबापांपैकी कोणी इथे इंग्रजीत शिकलेलं नसेल, तर मूल सरकारी खर्चानं फ्रेंच शाळेतच जाणार. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीनं कामकाज फ्रेंचमध्ये चालतं असा दाखला घ्यायचा. दुकानाची पाटी फक्त फ्रेंच.

किंमतही मोजावी लागली. सन लाइफ या विमा कंपनीनं १९७८ च्या सुरुवातीला मुख्यालय टोरंटोला नेत असल्याचं जाहीर केलं. लाखभर इंग्रजी भाषक प्रांत सोडून गेले. पाट्यांचा नियम १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोडला. आता इतर भाषा चालते, पण फ्रेंच ठळकपणे मोठी हवी. आपल्याकडच्या मराठी पाट्यांचा वाद आठवला ना? मलाही.

अतिरेकही झाले. २०१३ मध्ये भाषा कार्यालयाच्या निरीक्षकानं एका इटालियन रेस्टॉरंटला मेनूकार्डवरच्या 'पास्ता' शब्दावरून पत्र धाडलं. जगभर हसं झालं. २०१७ मध्ये विधानसभेनं एकमतानं ठराव केला की दुकानदारांनी गिऱ्हाइकाला 'बॉन्जूर-हाय' न म्हणता नुसतं 'बॉन्जूर' म्हणावं. मॉन्ट्रियलमधले दुकानदार अजून 'बॉन्जूर-हाय'च म्हणतात. २०२२ च्या कायदा ९६ नं तर ठरवलं की नव्या स्थलांतरितांशी सरकार सहा महिन्यांनंतर, काही अपवाद सोडले तर, फ्रेंचमध्येच पत्रव्यवहार करेल. सहा महिने! माझी आत्या सोडली तर हे कोणाला जमेल असं मला वाटत नाही. दिवसभर कारखान्यात उभं राहून संध्याकाळी वर्गात डुलक्या काढणारी माणसं माझ्या शेजारी बसतात. हा नियम करणाऱ्यानं त्यांना एकदा बघावं.

पण याच भाषा कार्यालयाच्या एका कामावर मी जाम खूश आहे, ते म्हणजे शब्द घडवणं. ई-मेलला 'कुरिएल'. हा शब्द इथला, नंतर फ्रान्सनंही उचलला. चॅटिंगला 'क्लाव्हार्दाझ', म्हणजे कीबोर्ड आणि बडबड यांचं मिश्रण. फिशिंगला 'आमसोनाझ', म्हणजे गळ टाकणं. क्लाउड कॉम्प्युटिंगला 'अँफोन्युआझिक', त्यात 'ढग' सरळ बसवलाय. हे लोक ते शब्द खरंच वापरतात, कोड रिव्ह्यूमध्येसुद्धा. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी 'महापौर' दिला, तो आपण बिनदिक्कत वापरतो. पण संगणकाच्या बाबतीत आपण कुठे थांबलो, याचा विचार करत मी एकदा मेट्रोत दोन स्टेशनं पुढे गेलो.

घरमालकांकडे परत येतो. त्यांना इंग्रजीत शिकल्यामुळे कायद्यानं सूट होती, स्वतःच्या मुलांना इंग्रजी शाळेत घालता आलं असतं. त्यांनी फ्रेंच शाळेत घातलं. का, म्हणून विचारलं तर खांदे उडवून म्हणाले, "तोपर्यंत मुकादम फ्रेंच झाला होता."

आता रविवारी सकाळी ते मला अंगणात बसवून फ्रेंच बोलायला लावतात. माझी मुलगी दीड वर्षाची आहे, पाळणाघरात जाते. परवा वरणभात भरवताना तिनं वाटी पुढे केली आणि म्हणाली, "आँकोर." म्हणजे 'अजून'. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला 'अजून' म्हणायला लावलं, तिनं तेही म्हटलं, मग वाटी परत पुढे केली.

कायमच्या वास्तव्यासाठी मला तोंडी फ्रेंचची सातवी पातळी लागते, एकूण पातळ्या बारा. परीक्षा येत्या शुक्रवारी आहे, त्यामुळे पुढचा एपिसोड एक आठवडा उशिरा येईल. चला, आ ला प्रोशेन.