रक्त ‘जास्त’ होते तेव्हा : रक्तपेशींच्या अतिनिर्मितीचे निदान

हिमोग्लोबिन कमी असल्याची काळजी घरोघरी केली जाते; ते अधिक निघाले तर मात्र अहवाल समाधानाने घडी घालून ठेवला जातो. हे समाधान प्रत्येक वेळी खरे नसते. हिमोग्लोबिन पुरुषांत १६.५ आणि स्त्रियांत १६ ग्रॅम प्रतिडेसिलिटरच्या वर, किंवा हिमॅटोक्रिट अनुक्रमे ४९ व ४८ टक्क्यांच्या वर गेल्यास ‘पॉलिसायथेमिया व्हेरा’ या दीर्घकालीन विकाराची शक्यता तपासावी लागते. या विकारात अस्थिमज्जा गरज नसतानाही पेशी तयार करीत राहते, रक्त दाट होते आणि गुठळ्या धरतात. कित्येकदा रोगाची पहिली खूण म्हणजे पक्षाघातच असतो. काहींत यकृताच्या शिरा बंद होतात.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि नांदेडकडील रुग्ण अजूनही मोठ्या आजारासाठी हैदराबादची वाट धरतात. रक्ताच्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासाशी या शहराचे नातेही जुने आहे. हिवतापाच्या परजीवीचा डासाच्या शरीरातील माग रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादेतच लागला. आज पंजागुट्टा येथील निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेससारख्या संस्थांत रक्तविकारांचे निदान व उपचार होतात.

निदानाची सुरुवात मात्र साध्या रक्तगणनेनेच होते, आणि ती पुन्हा करून घ्यावी लागते. शरीरातील पाणी कमी झाले असेल तरी आकडा फुगतो. धूम्रपान, फुप्फुसाचे जुने दुखणे, झोपेत श्वास अडखळणे यांमुळे प्राणवायू कमी पडतो व शरीर तांबड्या पेशी वाढवते. ती अस्थिमज्जेची चूक नव्हे. हा भेद करण्यास ‘एरिथ्रोपोएटिन’ या संप्रेरकाची पातळी उपयोगी पडते. प्राणवायूच्या कमतरतेत ती सहसा वाढते किंवा सामान्य राहते, मूळ विकारात बहुधा घटलेली असते. उलट बाजूही ध्यानात ठेवावी. लोहाची कमतरता सोबत असल्यास हिमोग्लोबिन मर्यादेखालीच राहते आणि रोग झाकला जातो.

निर्णायक ठरते ती जनुकीय चाचणी. ‘जॅक-२’ जनुकातील ‘व्ही६१७एफ’ हा बदल २००५ मध्ये उजेडात आला. पॉलिसायथेमिया व्हेराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत तो सापडतो. त्यासाठी हाडात सुई घालण्याची गरज नसते, हाताच्या शिरेतील रक्त पुरते. तो न आढळल्यास त्याच जनुकाचा बारावा खंड तपासतात. केवळ बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, वाढलेले असतील तर ‘जॅक-२’बरोबर ‘सीएएलआर’ व ‘एमपीएल’ हे जनुक पाहिले जातात. पांढऱ्या पेशी फार वाढल्या असतील तर प्रथम ‘बीसीआर-एबीएल’ चाचणी करून दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया आहे की नाही ते ठरवावे लागते, कारण त्याचे औषध पूर्णतः वेगळे आहे.

लहान राज्यांत काढलेला नमुना अनेकदा मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे जातो. तेथे नळीचा रंगही महत्त्वाचा ठरतो. जनुकीय चाचणीसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी वापरतात. हिरव्या झाकणाच्या नळीतील हेपारिन पीसीआरमध्ये अडथळा आणते. ‘जॅक-२’ची तपासणी डीएनएवर होते व तो प्रवास बऱ्यापैकी सोसतो, ‘बीसीआर-एबीएल’साठी लागणारा आरएनए लवकर नष्ट होतो, म्हणून तो नमुना थंड ठेवून एक-दोन दिवसांतच पोहोचवावा लागतो. खराब नमुन्यावर आलेला ‘नाही’ हा निष्कर्ष रुग्णाला खोटा दिलासा देऊ शकतो.

कमरेच्या हाडातून घेतलेला अस्थिमज्जेचा तुकडा निदान पक्के करतो, आणि मज्जेत तंतू साचले आहेत का तेही दाखवतो. त्यानंतरचा उपचार अगदी जुन्या पद्धतीचा वाटावा असा आहे: शिरेतून रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांखाली ठेवणे आणि, हरकत नसल्यास, अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन. वय साठीपलीकडे असेल किंवा पूर्वी गुठळी झाली असेल, तर पेशी घटवणारे औषधही जोडले जाते.