रिकामा डबा परत करू नये

डोळे मिटा. मार्च 2000. मध्यरात्र उलटली आहे आणि तुम्ही चाळीसगाव जंक्शनच्या फलाटावर उभ्या आहात. बाकाला हात लावून पाहा, दिवसभराचं ऊन अजून त्यात मुरलेलं आहे. चहावाल्याच्या किटलीतून आल्याचा वास येतो. कापडी पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरलेला स्टीलचा डबा आहे. गाठोड्यावर बसलेली म्हातारी विचारते, “कोठे चालनी वं माय?”

“लाहोरले,” तुम्ही सांगता. ती पदर तोंडाला लावते.

फलाट थरथरतो. पंजाब मेल येते. याच स्टेशनाजवळच्या बंगल्यात केकी मूस राहायचे. प्रेयसी येईल म्हणून हा छायाचित्रकार वर्षानुवर्षं याच गाडीची वाट पाहत होता, असं गाव सांगतं. फाळणीआधी ही मेल पार पेशावरपर्यंत धावायची. आता ती फिरोजपूरलाच थांबते. तुम्हाला दिल्लीत उतरून लाहोरला शांतियात्रेवर निघालेली बायकांची बस धरायची आहे.

बसमध्ये चाळीसेक बायका आहेत. खिडक्यांतून डिझेलचा धूर आत येतो, सुती साड्या घामाने पाठीला चिकटतात. पुढे खादीतल्या निर्मला देशपांडे, सगळ्यांच्या ‘दीदी’, बसल्या आहेत. जन्म नागपूरचा. विनोबांसोबत भूदानासाठी त्या हजारो मैल चालल्या आहेत. कारगिलची लढाई थांबून वर्षही झालेलं नाही, तरी इथे गाणी चालू आहेत. एक संपलं की मागच्या बाकावरून दुसरं उठतं. शब्द येत नसले तर टाळ्या वाजवा.

बाहेर पंजाबातला गहू पिवळा पडत चाललाय. मग वाघा. हमालांची घाई, झडतीसाठी उघडलेल्या बॅगा, पासपोर्टवर आपटणारे शिक्के. घसा कोरडा पडतो. पिशवी छातीशी धरून तुम्ही फाटक ओलांडता आणि पायाखालची धूळ पाहता. अलीकडच्यासारखीच आहे.

लाहोरात स्वागताला पाकिस्तानातल्या मानवाधिकार वकील अस्मा जहांगीर आणि त्यांच्या मैत्रिणी आहेत. एक अनोळखी बाई तुम्हाला असं कवटाळते की तिच्या अत्तराचा वास तुमच्या पदराला लागतो. पहिला प्रश्न काय? “रास्ते में कुछ खाया?” तुम्ही डबा पुढे करता. ती दशमी मोडते, चटणी लावते, तिखटाने डोळ्यांत पाणी येतं आणि ती हसत दुसरी उचलते. मग बोलणं उघडतं: व्हिसासाठी अडलेली लग्नं, पलीकडे राहिलेली बहीण, तोफांवर जाणारा पैसा आणि शाळेला नसलेलं छप्पर. तिची गाऱ्हाणी ऐकताना वाटतं, ही तर आपल्याच आळीतली.

निघताना ती डबा देत नाही. “मैं लेकर आऊँगी,” म्हणते.

आणि येते. काही आठवड्यांतच अस्मा जहांगीर पाकिस्तानी बायकांना घेऊन दिल्लीत उतरतात. गर्दीत तुम्ही तो चेहरा शोधता. पोचे पडलेला तुमचाच डबा हातात येतो, सुक्यामेव्याने जड झालेला. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, हे तिलाही तिच्या आईनेच शिकवलेलं.

बायकांनी सीमेपार विणलेल्या जाळ्याची ताकद या परतफेडीत आहे. एका फेरीने तह होत नाही. पण जिच्या हातचं खाल्लं, तिच्या घरावर बॉम्ब पडावा असं मनात येत नाही. पुढे घोषणा कितीही चढल्या, तरी फोन करायला एक नाव उरतं.

आता डोळे उघडा. दीदी 2008च्या 1 मे रोजी गेल्या. त्यांच्या अस्थींचा काही भाग पाकिस्तानात नेऊन सिंधू नदीत विसर्जित केला गेला.