कावसजीचे नाक आणि कुंभाराचे नाव

वाढवण-डहाणूपासून तलासरीपर्यंतच्या पट्ट्यात 'कावसजी' हे नाव कानी पडले की चिकूची वाडी आणि पारशी घर डोळ्यांसमोर उभे राहते. वैद्यकाच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध कावसजी मात्र पारशी म्हणून नोंदलेला नाही. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात त्याची हकीकत छापली, तीत तो शेतकरी जातीचा मराठा आहे. इंग्रज फौजेत बैल हाकणारा हा माणूस १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला.

'नाक कापले' हा वाक्प्रचार आपण अब्रूसाठी सहज वापरतो. शूर्पणखेपासून चालत आलेली ती शिक्षा एकेकाळी खऱ्या चेहऱ्यांवर होत असे, हे त्या वापरात विसरले जाते. नाक कापण्यामागे माणसाला जिवंत ठेवून समाजातून उठवण्याचा हेतू असे. म्हणूनच ते पुन्हा घडवणे ही नुसती शोभेची गोष्ट नव्हती.

वर्षभराहून अधिक काळ कावसजी बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक दिले. या कारागिराला पुढे सर्वत्र 'कुंभार' म्हटले गेले. त्याची कृती मासिकात तपशिलाने आली आहे. मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक घडवायचे, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन्ही डोळ्यांमधली एक पट्टी जोडलेलीच ठेवायची, कारण रक्तपुरवठा तिच्यातून होतो. मग कातडी पिळून खाली वळवायची आणि जुन्या व्रणाच्या कडा ताज्या करून त्यांत बसवायची. टाके नाहीत, कात भिजवून लावलेल्या कापडाच्या पट्ट्या चार दिवस, नंतर तुपात बुडवलेले कापड. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापायची.

पेशवाईतल्या पुण्यात चित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्सने कावसजीचे चित्र काढले. जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. कपाळाच्या कातडीची ही 'भारतीय पद्धत' शल्यवैद्य आजही वापरतात.

तिची किंमत होती कपाळावरचा व्रण. ती चुकवण्याचा मोह पुढच्या काळाला झाला. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनीने १९०० च्या सुमारास पॅराफिन टोचून भराव घालण्याची पद्धत रूढ केली. व्रण नाही, वेदना थोडी. पण काही काळाने पॅराफिन सरकू लागले, गाठी झाल्या, कातडी बिघडली. नंतर सिलिकॉन आले. ते पुष्कळ सुरक्षित, तरी परकेच. शरीर त्याभोवती आवरण विणते. कधी ते सरकते, कधी वर्षांनंतरही जंतुसंसर्ग होतो, कधी नाकाची कातडी लाल आणि पातळ होऊन वस्तू बाहेर डोकावते. अशा वेळी नुसत्या औषधांनी बहुधा भागत नाही. रोपण काढायचे, संसर्ग शमवायचा, कातडीला वेळ द्यायचा आणि मग रुग्णाच्याच कानाची किंवा बरगडीची कूर्चा घेऊन नाक उभारायचे, हा सामान्य मार्ग आहे.

म्हणजे फिरून आपण कुंभाराच्या तत्त्वाशीच येतो: नाक ज्याचे, द्रव्यही त्याचेच. मात्र यावरून 'सारे आमच्याकडे होतेच' असा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. बरगडीची कूर्चा वाकू शकते. आतून अस्तर नसलेली कपाळाची कातडी आक्रसते. ही क्रिया यशस्वी होते हे मासिकातले विधान म्हणूनच जपून वाचायला हवे.

आम्हाला खटकते ते वेगळेच. त्या मजकुरात ही क्रिया पाहिलेल्या दोन इंग्रज वैद्यांची नावे आहेत, रुग्णाचेही आहे. ज्याच्या हातांनी हे घडले त्याची मात्र केवळ जात. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याचा विधी आहे, म्हणून श्रेयाची चर्चा सुश्रुत आणि कार्प्यू यांच्यातच फिरते. मधली अनेक शतके ज्या बिनअक्षरी परंपरेने ही विद्या हातातून हातात दिली, तिला ग्रंथ नाही आणि नावही नाही. कावसजीला नाक परत मिळाले, कुंभाराला नाव मिळाले नाही. दस्तऐवज वाचताना आपण ही पोकळीही वाचायला शिकले पाहिजे.