जालना परिसरातील इंग्रजी शब्दांचे अर्थांतर

इंग्रजी शब्द मराठीत भलत्याच अर्थाने वापरले जातात, ही सुशिक्षितांची तक्रार जुनी आहे. चहा-भज्यांच्या दुकानास 'हॉटेल' म्हणावे, विजेचा पुरवठा बंद पडला की 'लाईट गेली' म्हणावे, विहिरीवरील पंपास 'मोटार' म्हणावे, याचा इंग्रजी जाणणाऱ्यांस उपद्रव वाटतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये निबंधमाला सुरू केली, तेव्हा त्यांच्या टीकेचा एक रोख पाद्र्यांच्या आणि इंग्रजी वळणाने लिहिणाऱ्यांच्या मराठीवर होता. पुढे रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालविली. तीत परकी शब्द चुकीचा वापरला जातो हा आक्षेप मागे पडून तो मुळात वापरलाच का जातो, हा प्रश्न पुढे आला. या दोन्ही आक्षेपांत शब्दाच्या अर्थाचा निवाडा मूळ भाषेच्या दरबारी व्हावा, असे गृहीत धरलेले आहे. इतिहासाच्या अभ्यासकास ते धरून चालता येत नाही. शब्दाचा अर्थ कोठे पालटला, कोणाच्या तोंडी पालटला, आणि त्या पालटाने कोणाचे काही बिघडले काय, हे त्यास पाहावे लागते.

अशा पाहणीस जालना परिसर विशेष सोयीचा आहे. जिल्हा म्हणून जालना १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी त्याचा प्रदेश औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांत मोडत असे. परंतु १८०३ ची असईची रणभूमी, कंटिंजंट फौजेची छावणी, निजामाच्या राज्यातील उर्दू दफ्तर, रेल्वे आणि शेवटी बियाण्यांचा व्यापार, ही परकी शब्द येण्याची पाच निरनिराळी द्वारे या एवढ्याशा टापूत एकत्र आली आहेत.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. शिंद्यांच्या बाजूने पोलमन या हॅनोव्हरकर सरदाराचा कंपू होता. बेगम समरूचा आणि द्यूपाँचा असे आणखी कंपू होते. या 'कंपू' शब्दाचे चरित्र लक्षात घेण्याजोगे आहे. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात त्याचा संबंध इंग्रजी 'कॅम्प'शी, किंबहुना पोर्तुगीज 'कांपु'शी लावला आहे, आणि मराठ्यांच्या चाकरीतील युरोपीय सरदारांच्या हाताखालच्या कवायती फौजेस तो विशेषेकरून लावीत, असे नोंदविले आहे. म्हणजे मूळ शब्द मैदानाचा अथवा मुक्कामाचा. तो येथे माणसांच्या तुकडीचा झाला. आजच्या मराठीत कंपू म्हणजे आपापसांत संधान बांधून राहणारी टोळी. तीन अर्थांपैकी कोणता 'शुद्ध', हा प्रश्न निरर्थक आहे. परंतु मोडी कागदात 'कंपू' दिसला असता तेथे 'छावणी' असा अर्थ केल्यास लढाईचे वर्णनच चुकते. चालून आलेली फौज मग कागदावर एका जागी तळ ठोकून बसते! ग्वाल्हेरच्या बाबतीत तर आणखी गंमत आहे. तेथे दौलतराव शिंद्यांच्या तळावरून शहराच्या एका भागास 'लष्कर' हे नाव पडले, आणि 'कंपू' हेही तेथील एका वस्तीचे नाव आहे. फौजेचा शब्द गावाचा झाला.

'पलटण' शब्दाची गोष्टही अशीच. तो 'बटालियन'वरून आला, त्यात 'प्लाटून'चीही सरमिसळ झाली असावी, असे कोशकार सांगतात. मराठी घरात मात्र पलटण पोरांची असते. यास अपप्रयोग म्हणण्याचे धाडस आता कोणी करीत नाही, कारण तो पुरेसा जुना झाला आहे. 'लाईट' तेवढा जुना झालेला नाही, एवढाच त्याचा अपराध.

शब्द बिघडविण्याचे कर्तृत्व एकाच पक्षाकडे होते असेही नाही. फारसी 'लश्कर' म्हणजे सैन्य. पोर्तुगीजांमार्फत तो इंग्रजीत गेला तेव्हा 'लास्कर' म्हणजे जहाजावरचा हिंदी खलाशी झाला, आणि तोफखान्यात तोफांच्या दिमतीस असणारा हलक्या दर्जाचा चाकर झाला. इंग्रजांच्या लष्करी कागदांत तोफखान्याकडील लास्करांची संख्या वेगळी दाखविलेली आढळते. 'लष्कर' या ओळखीच्या शब्दावर भिस्त ठेवून तिचे भाषांतर करणारा तोफेच्या चाकरांस सैनिक करून टाकतो. खुद्द 'हॉब्सन-जॉब्सन' हे कोशाचे नाव मोहरमच्या मिरवणुकीतील 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचे गोऱ्या शिपायांनी केलेले रूप आहे. पवित्र नामोच्चाराचा असा विपर्यास करणाऱ्या मंडळींच्या वंशजांस हिंदी माणसाचे इंग्रजी ऐकून हसू यावे, हा काळाचा विनोद होय.

जालन्यास १८२७ मध्ये छावणी वसली आणि ती हैदराबाद कंटिंजंट फौजेचे ठाणे म्हणून १९०३ पर्यंत राहिली. पाऊणशे वर्षांचा हा काळ भाषेच्या दृष्टीने थोडका नव्हे. कंटिंजंटचे अंमलदार इंग्रज आणि शिपाई हिंदी. त्यांच्यातील व्यवहाराची बोली हिंदुस्तानी, आणि ज्या बाजारातून छावणीस धान्य, चारा, भाजी मिळे त्या बाजाराची बोली मराठी. म्हणजे येथील मराठीत आलेला इंग्रजी शब्द बहुधा दोन उंबरठे ओलांडून आला, आणि दोन्ही वेळा कानाने आला. शाळेतून येणारा शब्द लिपीच्या आधाराने येतो. त्याचे स्पेलिंग आणि व्याकरण त्याच्या बरोबर असते. छावणीतून येणाऱ्या शब्दापाशी यांपैकी काहीच नसते. 'ऑर्डर्ली'चा 'अर्दली' आणि 'सेंट्री'चा 'संत्री' होतो तो याच वाटेने. पहारेकऱ्याच्या 'हू कम्स देअर' या प्रश्नाचे हिंदी पलटणींत 'हुकुमदार' झाले. यात अज्ञान आहेच, पण निव्वळ अज्ञान नाही: अनोळखी ध्वनींच्या जागी ऐकणाऱ्याने 'हुकूम' हा ओळखीचा शब्द बसविला, आणि प्रसंगास तो शोभलाही.

शिवाय ज्यास बिघडलेले इंग्रजी समजून नाक मुरडले जाते ते पुष्कळदा इंग्रजी नसतेच. 'कप्तान' हा 'कॅप्टन'चा अपभ्रंश नव्हे. पोर्तुगीज 'कापितांव'च्या कुळातला तो शब्द आहे. 'काडतूस', 'पगार', 'चावी', 'तुरुंग' हे सारे पोर्तुगीजांकडून आलेले. 'इस्पितळ'ही याच यादीत पडते. गोमंतकीय पंडित सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गादो यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरचा आपला ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही माहिती उपलब्ध आहे. जुन्या कागदाची नक्कल करताना 'इस्पितळ' खोडून 'हॉस्पिटल' आणि 'कप्तान' खोडून 'कॅप्टन' लिहिणारा संपादक चूक सुधारीत नसतो. पश्चिम किनाऱ्यावरचा शब्द घाट चढून गोदावरीच्या खोऱ्यात कोणत्या फौजेबरोबर, कोणत्या व्यापाऱ्याबरोबर आला, याचा तो कागद एक साक्षीदार असतो, आणि सुधारणेने त्या साक्षीदाराची वाचा बंद होते.

मराठवाड्यातील परिस्थिती मुंबई इलाख्याहून आणखी एका बाबतीत निराळी होती. येथे राजभाषा इंग्रजी नव्हती. १८८४ मध्ये हैदराबादच्या दफ्तरात फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू हेच शिक्षणाचे माध्यम ठरले. त्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडून इंग्रजी शास्त्रीय संज्ञांस अरबी-फारसी घडणीचे प्रतिशब्द करण्याचे काम हाती घेण्यात आले होते. इंग्रजी शब्दांचा कंटाळा येऊन सरकारी पातळीवर नवे शब्द घडविण्याचा हा उद्योग महाराष्ट्र शासनाच्या १९६२ च्या पदनाम कोशाच्या कितीतरी आधीचा. पदनाम कोशास आचार्य अत्रे यांनी 'बदनाम कोश' ठरविले ते सर्वश्रुत आहे. मराठवाड्याच्या शिकलेल्या पिढीस मात्र त्यापूर्वीच एकदा इंग्रजीपासून उर्दू संज्ञांकडे आणि १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर त्या संज्ञांपासून दूर जावे लागले होते. दफ्तरी शब्द येथे सावधपणे वाचावे लागतात. हैदराबाद राज्यात 'अव्वल तालुकदार' हा जिल्ह्याचा मुख्य अधिकारी, म्हणजे इतरत्र ज्यास कलेक्टर म्हणत तो. अवधमध्ये 'तालुकदार' म्हणजे मोठा जमीनदार. इंग्रजी पुस्तकांतून अवधचा अर्थ घेऊन जालन्याचा कागद वाचल्यास सारा वसूल करणारा अधिकारी जमिनीचा मालक ठरतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेने जालना मनमाड आणि सिकंदराबादशी जोडले गेले. 'तिकीट', 'इंजिन', 'ठेसन' हे शब्द सर्वत्र आले तसेच येथेही आले. कापसाच्या व्यापारात सरकी काढण्याच्या क्रियेचे 'जिनिंग' हे नाव त्या कारखान्याच्या इमारतीस आणि आवारास मिळाले. क्रियेचे स्थळ झाले, आणि कोणाचेही काही अडले नाही.

अडले ते पुढे, बियाण्याच्या शब्दावर. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यास महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी ज्वारीचा सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण देशात प्रसारित झाला. कंपनीच्या नावातच असलेला 'हायब्रीड' हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी गेला, पण त्याने तेथे वेगळेच रूप घेतले. शास्त्राच्या भाषेत तो विशेषण: निवडलेल्या दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून झालेले. मराठवाड्यात तो नाम झाला, आणि तोही एका धान्याचे. 'हायब्रीड' म्हणजे आखूड ताटाची, भरघोस कणसाची खरिपाची ज्वारी. 'हायब्रीडची भाकर' म्हणजे तिची भाकर. पक्व होताना पाऊस झाला की या ज्वारीचा दाणा काळा पडे, तिचा कडबाही थोडा निघे, आणि भाकरीला गावरान ज्वारीची चव नाही असे घरोघर म्हटले जाई. त्यातूनच तिसरा अर्थ निघाला: अंगात कस नसलेली, दिसण्यापुरती वाढलेली वस्तू किंवा माणूस. 'हायब्रीड पिढी' हा म्हाताऱ्यांचा शेरा याच अर्थाचा. जनुकशास्त्रात संकराचा गुण जोम वाढविण्याचा आहे. लोकभाषेत त्याच शब्दाने जोमाचा अभाव दाखविला गेला. असे पूर्ण उलटे अर्थांतर क्वचितच आढळते, आणि त्याचे कारण शब्दात नसून भाकरीत आहे.

येथवर तक्रारीचे कारण नाही. परंतु 'हायब्रीड' शब्द पसरता पसरता पिशवीत येणाऱ्या कोणत्याही विकत बियाण्यास लागू लागला, आणि तेथे अर्थाच्या ढिलाईची किंमत शेतकऱ्याच्या पदरी पडण्याचा संभव उत्पन्न झाला. सुधारित वाण आणि संकरित वाण यांतील भेद नावापुरता नाही. सुधारित सरळ वाणाचे बी निगुतीने राखल्यास पुढच्या वर्षी पेरता येते. बारवाले यांच्या बियाणे उद्योगाचा आरंभ भेंडीच्या 'पुसा सावनी' या अशाच सुधारित वाणाने झाला होता, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. संकरित वाणाची पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार असते. तिचे दाणे राखून पेरले तर दुसऱ्या पिढीत गुणांची फाटाफूट होते, ताटे लहानमोठी निघतात आणि उत्पन्न घटते. यास्तव ते बी प्रतिवर्षी विकत घ्यावे लागते. सुधारित आणि संकरित या दोहोंस एकच 'हायब्रीड' शब्द लावणाऱ्यापुढे दोन वाटा राहतात: घरी राखता येणारे बी उगाच विकत घेणे, किंवा न राखता येणारे बी राखून फसणे. कृषी खात्याने 'सुधारित' आणि 'संकरित' असे दोन मराठी शब्द योजले, आणि ते चांगले आहेत; पण बाजाराच्या बोलीत 'हायब्रीड'ने दोघांनाही झाकून टाकले. १९६६ च्या बियाणे अधिनियमाने पिशवीवरील मजकुरास कायद्याचे बळ दिले. तो मजकूर वाचणाऱ्याच्या मनातील शब्दार्थ मात्र कायद्याच्या कक्षेत येत नाही.

२००२ मध्ये केंद्र शासनाने बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी दिली, आणि त्या पहिल्या वाणांमागेही जालन्याच्याच कंपनीचा भाग होता. 'बीटी' ही दोन अक्षरे एका जिवाणूच्या शास्त्रीय नावाची आद्याक्षरे. त्या जिवाणूचे जनुक कापसात घातल्याने बोंडअळीस मारक असे प्रथिन झाडातच तयार होते, इतकाच त्यांचा अर्थ. तण, मावा किंवा तुडतुडे यांच्याशी त्यांचा संबंध नाही. भारतात हे जनुक मुख्यतः संकरित वाणांतून आले, त्यामुळे दरसालच्या खरेदीचे कारण संकर हे असता ते 'बीटी'च्या नावावर जमा झाले. शिवारात विचारल्यास आता उत्तर मिळते ते पिकाच्या नावाने नव्हे: 'औंदा दोन एकर बीटी आहे.'