क्रॉफर्ड खिंडीतल्या सराईत, ऑक्टोबर १८३९

साल १८३९, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू हॅम्पशर राज्यातल्या व्हाइट माउंटन्स डोंगररांगेत तुम्ही घोडागाडीत बसला आहात. ही गाडी याच राज्यातल्या कॉन्कर्ड गावी बनलेली. तिला स्प्रिंगा नाहीत, सगळा सांगाडा चामड्याच्या जाड पट्ट्यांवर टांगलेला आहे. त्यामुळे खड्डा आला की ती आदळत नाही, लाटेवरच्या होडीसारखी पुढे-मागे झुलते. तुमच्या गुडघ्यांना समोरच्याचे गुडघे टेकलेत. ओल्या लोकरीचा आणि तंबाखूचा वास नाकात बसलाय.

सॅको नदी सोबतीला आहे आणि दोन्हीकडचे डोंगर जवळ येत चाललेत. खालच्या उतारांवर मेपल लाल-नारिंगी झालेत, बर्च पिवळे, बीच तांबूस. त्यांच्या वर स्प्रूस आणि फर यांचा काळपट हिरवा पट्टा, आणि त्याच्याही वर नुसता खडक.

एका घरापाशी गाडीवान घोडे सावकाश चालवतो. हे विलींचं घर. १८२६च्या ऑगस्टमधल्या एका रात्री मागचा डोंगर पावसाने सुटला. आवाज ऐकून घरातले सगळे बाहेर धावले. विली नवरा-बायको, त्यांची पाच मुलं आणि दोन गडी, नऊही जण दरडीखाली गेले. घरामागच्या खडकाने दरड दुभंगली, ती घराच्या दोन्ही अंगांनी वाहून गेली आणि घर जसंच्या तसं उभं राहिलं. आत थांबले असते तर वाचले असते. गाडीतलं बोलणं आपोआप थांबतं. ही गोष्ट देशभर पसरली आहे आणि हे घर बघायला माणसं मुद्दाम येतात. नॅथॅनिएल हॉथॉर्न या लेखकाने चार वर्षांपूर्वी तिच्यावर कथाही छापली.

पुढे चढ लागतो. घोड्यांच्या अंगातून वाफ निघते. शेवटी दोन कड्यांमध्ये जेमतेम वीस-बावीस फुटांची फट दिसते आणि नदी व रस्ता दोघांनाही तिच्यातूनच जावं लागतं. ही क्रॉफर्ड खिंड. पलीकडे एकदम मोकळं पठार, सॅको जिथून निघते ते छोटं तळं आणि एक साधं लाकडी घर. आज मुक्काम इथे.

घराचं नाव नॉच हाउस. ते चालवतो थॉमस क्रॉफर्ड. खिंडीच्या खालच्या अंगाला त्याचे वडील एबल यांचीही सराई आहे. थोरला भाऊ इथन अंगापिंडाने दांडगा, या डोंगरातला सर्वांत नामांकित वाटाड्या. तो पाहुण्यांसमोर पत्र्याचा लांब कर्णा फुंकायचा आणि डोंगर त्याचे प्रतिध्वनी परत पाठवायचे. दोन वर्षांपूर्वी कर्जापायी त्याची सराई गेली. पण १८१९ साली त्याने आणि एबलने मिळून माउंट वॉशिंग्टन शिखराकडे जी पायवाट पाडली, ती आजच्या मुक्कामाच्या दारापासूनच सुरू होते. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून तुम्हाला हेही ठाऊक आहे की पुढच्याच वर्षी, १८४० साली, सत्तरी ओलांडलेले एबल याच वाटेने घोड्यावर बसून शिखरावर पोचणार आहेत.

आत मोठी शेकोटी पेटली आहे. ओले मोजे वाळत घातलेत. जेवायला लांब बाक आणि एकच लांब टेबल. मका आणि राय या धान्यांच्या पिठाचा जाड, काळसर पाव, खारवलेलं डुकराचं मांस घालून शिजवलेला घेवडा, ओढ्यातले ट्राउट मासे, सफरचंदाचा पाय. चहात घालायला मेपलची साखर, तपकिरी आणि थोडी धुरकट चवीची. ज्या झाडांची लाली बघत तुम्ही वर आलात, त्यांच्याच जातीच्या झाडांचा रस उन्हाळ्याआधी आटवून ती केलेली आहे.

टेबलावरचं बोलणं कान देऊन ऐका. एक गाडीवान लोणी, चीज आणि डुकराचं मांस घेऊन पोर्टलंड बंदराकडे निघालाय, येताना मीठ, काकवी आणि सुकवलेला कॉड आणणार आहे. दुसरा म्हणतो, यंदा बर्फ लवकर पडणार, आणि एकदा बर्फ बसला की घसरगाड्यांना रस्ता उलट सोपाच होतो. लोण्याचा भाव निघतो, घोड्याच्या लंगडणाऱ्या पायावर चर्चा होते. तासभर झाला तरी डोंगराच्या रंगाबद्दल एक अक्षर नाही. ही सराई मालाच्या वाहतुकीवर चालते. हौसेने येणारे पाहुणे उन्हाळ्यात शिखर चढायला येतात आणि पानं पिकायच्या सुमारास बहुतेक परतलेले असतात.

तरी या रंगांकडे बघणारे डोळे याच वर्षी या दारातून आत आलेले आहेत. महिन्याभरापूर्वी हेन्री डेव्हिड थोरो नावाचा बावीस वर्षांचा तरुण भावासोबत इथे राहिला आणि १० सप्टेंबरला शिखरावर जाऊन आला. पिकलेल्या पानांवर त्याने पुढे लिहिलेला मोठा निबंध १८६२ साली, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी छापला जाईल. चित्रकार टॉमस कोलही याच वर्षी येऊन गेला. या खिंडीचं त्याचं १८३९चं चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात ही सराई आहे, खिंडीच्या दिशेने जाणारा एकटा घोडेस्वार आहे, काळ्या ढगांत बुडालेलं एक शिखर आहे आणि खाली पेटलेली पानझाडी. तुम्ही दारातून पाहताय तेच. डागेरने पॅरिसमध्ये शोधलेल्या छायाचित्रणाची बातमी अमेरिकेत नुकतीच येऊन थडकली आहे, पण त्या चंदेरी पत्र्यावर लाल रंग उमटत नाही. हा रंग दूरच्या माणसाला दाखवायचा तर चित्रकारच हवा.

झोपायला वर जा. पलंग दोरीने आवळलेला, त्यावर पिसांची गादी. त्यावर आधीच कुणीतरी झोपलेलं आहे. अनोळखी माणसांनी एक पलंग वाटून घेणं इथे रीतीचंच.

पहाटे बाहेर या. थंडी कडक आहे, पण घोड्यांच्या डोणीतलं पाणी गोठलेलं नाही. अंगणातल्या मेपलचं एक पान उचला आणि नीट बघा. शिरांच्या कडेने अजून हिरवं उरलंय, मधला भाग लाल झालाय. एका कोपऱ्यात पिवळा डाग आहे आणि त्याची कड सरळ, कापल्यासारखी. तिथे वरच्या पानाची सावली पडत होती. पिवळा रंग पानात वसंतापासून होताच, हिरव्याखाली झाकलेला. दिवस लहान झाले तसं झाडाने हरितद्रव्य मोडायला घेतलं आणि तो उघडा पडला. लाल मात्र नव्याने तयार होतो. देठाच्या बुडाशी बुचासारखा थर धरू लागतो, पानातली साखर पानातच अडकते आणि ऊन लागलं की तिच्यापासून लाल रंगद्रव्य बनतं. म्हणून जिथे ऊन पोचलं नाही तिथे पिवळंच राहिलं. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री न गोठवणारी थंडी, असे आठ-दहा दिवस लागोपाठ मिळाले की लाली सर्वांत गडद उतरते. कडाक्याची गोठवणारी थंडी पडली तर पान तपकिरी होऊन गळतं.

आता जागेवरून हलू नका. वर्षंच पुढे सरकू द्या.

१८५४ : नॉच हाउस जळून जातं. पाच वर्षांत शेजारी क्रॉफर्ड हाउस हे भलंमोठं हॉटेल उभं राहतं. १८७५ : सुरुंगांनी खिंड रुंद करून रेल्वे येते. तिच्याबरोबर पाहुणे येतात आणि लाकूडतोडही येते. राज्य सरकारने आपल्याकडची या डोंगरांतली जंगलं १८६७ सालीच विकून टाकली आहेत. कंपन्या उतारच्या उतार साफ करतात, मागे वाळल्या फांद्यांचे ढीग ठेवतात आणि इंजिनाच्या ठिणग्यांना तेवढं पुरतं. १९०३ साली या डोंगररांगेत प्रचंड वणवे लागतात. उघड्या उतारांवरची माती नद्यांत जाते. पावसात पूर, उन्हाळ्यात पाणी कमी. पाण्यावर चालणाऱ्या खालच्या गिरण्यांनाही त्याची झळ लागते.

तेव्हा कुठे माणसं जागी होतात. १९०१ साली स्थापन झालेली न्यू हॅम्पशरची वनरक्षण संस्था दहा वर्षं पाठपुरावा करते. याच डोंगरांच्या पायथ्याशी, लँकॅस्टरला जन्मलेले जॉन वीक्स हे अमेरिकी संसदेतले, म्हणजे काँग्रेसमधले, सदस्य नद्यांच्या उगमाकडची जंगलं सरकारने विकत घ्यावीत असा कायदा आणतात. १ मार्च १९११ रोजी अध्यक्ष टाफ्ट त्यावर सही करतात. खिंडीची जागा राज्य सरकार विकत घेतं आणि भोवतालचं व्हाइट माउंटन राष्ट्रीय वन १९१८ साली अस्तित्वात येतं. जळालेल्या उतारांवर आधी उन्हाची झाडं येतात, पांढऱ्या सालीचे बर्च आणि आस्पेन. आज तुम्हाला दिसणाऱ्या पिवळ्यातला पुष्कळसा त्या राखेवर उगवलेला आहे.

तुम्ही आजच्या ऑक्टोबरात परत आलात. बॉस्टनहून सकाळी निघालेली मराठी कुटुंबं ‘फॉल कलर्स’ बघायला याच रस्त्याने येतात आणि गाड्यांची रांग लागते. क्रॉफर्ड हाउस १९७७ साली जळालं. त्या जागी आता गिर्यारोहकांच्या संस्थेची निवासाची इमारत आहे, शेजारी १८९१चं छोटं रेल्वे स्टेशन टिकून आहे.

तुम्ही जाणार असाल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जा, शनिवार-रविवार टाळा. स्टेशनापाशी गाडी लावा आणि एलिफंट्स हेड नावाच्या खडकावर चढा, चढ थोडाच आहे. तिथून खिंडीचं तोंड पायाखाली दिसतं. मुलं सोबत असतील तर रंग कसे होतात ते त्यांना पान हातात देऊन सांगाच, पण त्यासोबत हेही सांगा की हा डोंगर एकदा बोडका झाला होता आणि लोकांनी सरकारला तो विकत घ्यायला लावला, म्हणून आज तो बघायला मिळतोय.