झऱ्यावरचे दिवे

लहानपणी आजोबांचं बोट धरून मी औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणलेलं. ते उंचावरून चक्राच्या पात्यांवर पडे आणि त्यावर जातं फिरे. ‘इथे पाणी दळतं रे, बायकांच्या हातांना विसावा,’ आजोबा म्हणाले होते. पुढे कळलं, की जात्याच्या जागी जनित्र बसवलं की हीच युक्ती दिवेही लावते.

आपल्या देशात याची सुरुवात झाली ती दार्जिलिंगजवळ, सिद्रापोंग इथे. तारीख होती १० नोव्हेंबर १८९७. ६५ किलोवॉटचे दोन संच, एकूण १३० किलोवॉट. आज दोन किलोवॉटचे ६५ गिझर एकदम लावले तर ही सगळी वीज संपेल! पण तेव्हा त्यावर दार्जिलिंगचे रस्ते उजळले. राजधानी कलकत्त्यातलं इमामबाग लेनचं वीजकेंद्र सुरू व्हायला मात्र १८९९ साल उजाडलं.

अशी छोटी योजना चालते तरी कशी? ओढ्यावर बुटका बंधारा घालून थोडं पाणी पाटात वळवायचं. आपल्या कोकणात बागेला पाणी नेतात ना, तसंच. वाटेतल्या हौदात वाळू-गोटे खाली बसू द्यायचे, नाहीतर ते यंत्राची पाती खातात. मग जाळीतून गाळलेलं पाणी जाड नळातून उतारावर सोडायचं. तळाशी टर्बाइन फिरतं, त्याला जोडलेलं जनित्र वीज देतं आणि पाणी पुन्हा ओढ्याला मिळतं.

हिशेबही सोपा आहे. सेकंदाला १०० लिटर पाणी १०० मीटर खाली आलं, तर गळती-घर्षण वजा जाता सुमारे ७० किलोवॉट वीज मिळते. उंची निम्मी असेल तर पाणी दुप्पट हवं. डोंगराळ गावाचं भाग्य हे, की तिथे पाणी थोडं असलं तरी उतार भरपूर असतो.

मात्र अशा योजनेत साठा नसतो. ओढा आटला की दिवे मंद. म्हणून मोठ्या भुकेला मोठी धरणं लागली. १९१५ मध्ये खोपोलीचं केंद्र सुरू झालं आणि घाटमाथ्यावर साठवलेल्या पावसावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पुढे मुळशीत धरण होऊ लागलं, तेव्हा १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले. तरीही धरण झालं, गावं पाण्याखाली गेली.

मी धरणांच्या विरोधात नाही. हे भाषण तुमच्यापर्यंत पोहोचवणारी वीजही कुठल्यातरी धरणातून आली असेल. पण ती आली, तेव्हा कुणाचं तरी अंगण बुडालं, हे विसरू नये. सिद्रापोंगसारखी योजना कुणाचं गाव मागत नाही. ती एकच मागते, की वरचं रान राखा, म्हणजे झरा उन्हाळ्यातही वाहील. गावाचा दिवा आणि गावाचं रान यांचं नातं इतकं उघड दुसरीकडे क्वचितच दिसतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)